ग्राफिक कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये बसवायचं? लांबीवर जाऊ नका

मे महिन्यातली दुपार. इंदूरच्या लोकमान्य नगरात ताईकडे गेलो होतो. भाच्याने आठवड्यापूर्वीच स्वतःच्या हाताने पहिला पीसी जोडला होता आणि तेव्हापासून त्याची एकच भुणभुण चालू होती, "मामा, कार्ड डब्बा निघालं. गेम अडकत अडकत चालतोय." कार्ड आरटीएक्स ३०६०, मदरबोर्ड बी ४५० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसरच्या हाताखाली बाकीची जोडणी सांभाळणारी बोर्डावरची चिप). जोडी वाईट नव्हती. कॅबिनेटची काच काढून पाहिलं तर कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये, आणि वरचा स्लॉट रिकामा.

"इथे का बसवलंस रे?"

"वर प्रोसेसरची गरमी लागते ना. खाली हवा मोकळी मिळेल."

बाहेर पारा बेचाळीसच्या वर होता, तेव्हा त्याचं म्हणणं अगदीच खुळचट नव्हतं. आणि खरी गोष्ट अशी की आदल्या रविवारी त्याने फोन करून हेच विचारलं होतं, आणि मी पोहे-जिलबी खाता खाता "हो, चालेल, दोन्ही सोळाचेच स्लॉट आहेत" असं सांगून मोकळा झालो होतो. म्हणजे कार्ड डब्बा नव्हतं, मामा डब्बा होता. कार्ड काढून वर बसवलं, पंधरा मिनिटांत काम झालं, आणि तोच गेम सुरळीत चालू लागला.

तो फोन मी नीट घेतला असता तर काय काय सांगितलं असतं, ते इथे लिहितो आहे. पहिल्यांदाच पीसी जोडणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे ज्यांना हे येतं त्यांनी सरळ तपासणीच्या भागाकडे जावं. तिथे अनुभवी लोकही फसतात.

घाईत असाल तर

प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा लांब स्लॉट. एकच कार्ड असेल तर तिथेच बसवा. काही बोर्डांवर सगळ्यात वर एक आखूड स्लॉट असतो आणि त्याच्या खाली लांब. तेव्हा "वरून पहिला" असं न म्हणता "प्रोसेसरजवळचा पहिला लांब" असं लक्षात ठेवा. बऱ्याच नव्या बोर्डांवर याच स्लॉटला चकचकीत धातूचं कवच असतं, कारण जड कार्डाचा भार त्यावर येणार हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. कवच ही खूण चांगली, पण पुरावा नव्हे.

बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं. पण वरच्या स्लॉटमध्ये बसवूनही कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही, असं होऊ शकतं. किंवा वरचा स्लॉट वापरताच येत नाही. तेव्हा आतलं थोडं समजून घ्यावं लागतं.

लांब स्लॉट आणि सोळाचा स्लॉट या दोन गोष्टी आहेत

ग्राफिक कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसतं त्याला पीसीआय एक्सप्रेस म्हणतात. ही पद्धत २००३ मध्ये आली. त्याआधी ग्राफिक कार्डासाठी एजीपी नावाचा वेगळा स्लॉट असायचा. जुन्या बाजारात अजून एखादा तसा बोर्ड हाती लागतो, तो शोभेलाच ठेवायचा.

पीसीआय एक्सप्रेसमध्ये माहिती लेनमधून जाते. एका लेनमध्ये तारांच्या दोन जोड्या, एक पाठवायची, एक घ्यायची. स्लॉटच्या नावातला एक्स १, एक्स ४, एक्स ८, एक्स १६ हा लेनचा आकडा. एक्स १ चा स्लॉट जेमतेम अडीच सेंटिमीटरचा, एक्स १६ चा जवळपास नऊ सेंटिमीटर. इथपर्यंत सोपं आहे.

गोंधळ पुढे आहे. स्लॉट नऊ सेंटिमीटर लांब आहे म्हणून त्याला सोळा लेन जोडलेल्या असतीलच असं नाही. जुन्या वाड्याचा दरवाजा आठवा. अंबारीसकट हत्ती जाईल एवढा उंच, पण रोजच्या वापराला त्यातली दिंडीच उघडी, आणि माणसं वाकून एकेक करून आत जाणार. बोर्डावरचा खालचा लांब स्लॉट बहुधा तसाच असतो. साचा सोळाचा, आत जोडलेल्या लेन चार. काही बोर्डांवर तर एकच. कार्ड छान बसतं, पंखे फिरतात, डिस्प्लेही येतो. त्यामुळे काही बिघडलंय याची शंकाच येत नाही.

लांब स्लॉट उगाच लांब केलेला नसतो. सगळ्या आकारांच्या कार्डांमध्ये सोनेरी पट्टीतली खाच एकाच अंतरावर असते, त्यामुळे आखूड कार्ड लांब स्लॉटमध्ये बसतं. कार्ड आणि बोर्ड चालू होताना आपसात ठरवतात की दोघांना जमतील अशा किती लेन वापरायच्या. कमी लेन मिळाल्या तर कार्ड कुरकुरत नाही, कमी वेगात चालतं. म्हणूनच ही चूक महिनोन्महिने लपून राहते.

लेन किती, हे कसं ओळखायचं

बोर्ड अजून कॅबिनेटमध्ये गेला नसेल तर उत्तम. मोबाइलचा टॉर्च लावा आणि स्लॉटच्या आत तिरकं बघा. दोन्ही भिंतींना बारीक सोनेरी पिना दिसतील. खऱ्या सोळाच्या स्लॉटमध्ये त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असतात, एका बाजूला ८२, दोन्ही मिळून १६४. चारच लेन जोडलेल्या स्लॉटमध्ये बऱ्याचदा पिना निम्म्याच्या आधीच संपतात आणि पुढे नुसतं रिकामं प्लास्टिक दिसतं. भाच्याच्या बोर्डावर हे मी त्याला दाखवलं तेव्हा तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे हे नुसतं दाखवायला लांब आहे?" हो, बाबा.

यात एक मेख आहे. पिना नाहीत म्हणजे लेन नाहीत, हे नक्की. पण पिना आहेत म्हणजे त्या सगळ्या पुढे कुठे जोडलेल्या आहेत, असं नाही. काही बोर्डांवर पूर्ण पिनांचा स्लॉट बसवलेला असतो आणि मागे तारा चार लेनपुरत्याच. म्हणून शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

मॅन्युअल उघडण्यापूर्वी बोर्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या. ते बोर्डावरच, बहुधा स्लॉटांच्या मधल्या जागेत, मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. गिगाबाइटच्या बोर्डांवर एका कोपऱ्यात रिव्हिजनचा आकडाही असतो. त्याच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनमध्ये फरक असू शकतो, म्हणून तोही लिहा. पीसी चालू असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर मेनबोर्डच्या टॅबवर नाव दाखवतं.

मग कंपनीच्या साइटवरून त्याच बोर्डाचं मॅन्युअल घ्या आणि स्पेसिफिकेशनच्या पानावर 'एक्स्पान्शन स्लॉट' हे शब्द शोधा. तिथे साधारण असं लिहिलेलं असतं: पहिला स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ४.०, एक्स १६. दुसरा पीसीआय एक्सप्रेस ३.०, एक्स १६, आणि पुढे बारीक अक्षरात 'सपोर्ट्स एक्स ४ मोड'. ते शेवटचे चार शब्द वाचायचे. डब्यावर, जाहिरातीत आणि दुकानाच्या कोटेशनवर ते कधीच नसतात.

इंदुरात बोर्ड घ्यायचा म्हणजे आपण आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलला चक्कर मारतो. तिथे उभ्या उभ्या मॅन्युअल वाचायला वेळ नसतो आणि मागे गर्दीही असते. माझी पद्धत अशी: आदल्या रात्री घरी दोन-तीन बोर्ड ठरवायचे, त्यांची स्लॉटची ओळ मोबाइलमध्ये टिपून ठेवायची, आणि दुकानात फक्त भाव आणि वॉरंटीवर बोलायचं. "यही वाला चाहिए भिया" म्हणणारं गिऱ्हाईक लवकर सुटतं.

लेन जाते कुठे

दुसरा प्रश्न असा की लेनचं दुसरं टोक कुणाकडे आहे. प्रोसेसरजवळच्या लांब स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरला जातात. खालच्या स्लॉटच्या लेन बहुधा चिपसेटला जातात, आणि चिपसेट पुढे एका ठरावीक वाटेने प्रोसेसरशी बोलतो. त्या वाटेवर सेटा ड्राइव्ह, यूएसबी, लॅन, दुसरी एसएसडी असे सगळे आधीच उभे असतात.

बी ४५० वर ही वाट ३.० च्या चार लेनची. आणि त्या चिपसेटच्या स्वतःच्या लेन तर अजून एक पिढी मागच्या, २.० च्या. भाच्याचं कार्ड तिथे लटकलं होतं.

पिढीचा हिशोब

लेनच्या आकड्याला पिढीचा आकडा जोडला की खरा वेग कळतो. पाठ करायला एकच गोष्ट पुरे: ३.० मध्ये एक लेन सेकंदाला साधारण १ जीबी नेते. पुढच्या प्रत्येक पिढीत दुप्पट, मागच्या प्रत्येक पिढीत निम्मं. ३.० चा मसुदा २०१० चा, ४.० चा २०१७ चा आणि ५.० चा २०१९ चा. बाजारात बोर्ड मात्र त्यानंतरच येतात.

आता हिशोब करा. ३.० च्या सोळा लेन म्हणजे सुमारे १६ जीबी. ४.० च्या आठ लेन, तेही सुमारे १६ जीबीच. २.० च्या चार लेन म्हणजे २ जीबी. भाच्याच्या कार्डाला वरच्या स्लॉटमध्ये १६ जीबीचा रस्ता होता आणि आम्ही दोघांनी मिळून त्याला २ जीबीच्या बोळात उभं केलं होतं.

गेम मग पूर्ण बंद का पडला नाही? कारण कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत जे मावतं, त्यासाठी स्लॉटची वाट लागतच नाही. नवं दृश्य आलं, नवे पोत (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) आत आणायचे झाले की माहिती स्लॉटमधून येते, आणि तेवढ्यापुरता गेम अडकतो. म्हणून सरासरी फ्रेमचा आकडा ठीक दिसतो आणि हाताला मात्र झटके जाणवतात. "अडकत अडकत" हा भाच्याचा शब्द अगदी नेमका होता, मीच तो नीट ऐकला नाही.

पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात. ४.० चं कार्ड ३.० च्या बोर्डात चालतं, ३.० चं कार्ड ५.० च्या बोर्डात चालतं, दोघांत जी जुनी तिच्या वेगाने. त्यामुळे नुसत्या ५.० साठी बोर्ड बदलायला निघालेल्यांना मी तरी थांबवतो. सोळा लेनचं मधल्या किमतीचं कार्ड ३.० वर जे गमावतं ते गेम खेळताना कळतही नाही. तेवढे पैसे जास्त मेमरीच्या कार्डात घाला.

कार्ड किती लेनचं आहे, तेही बघा

पण कार्डालाच लेन कमी असतील तर वरचा सल्ला उलटा पडतो. हे नवख्यांना कुणी सांगत नाही. कार्डाची सोनेरी पट्टी पूर्ण लांबीची असूनही आत वापरलेल्या लेन कमी असू शकतात. आरटीएक्स ३०६० सोळा लेनचं आहे, पण त्याच्या नंतरचं आरटीएक्स ४०६० आठचं. आरएक्स ६६०० आठचं. आरएक्स ६५०० एक्सटी, जे जानेवारी २०२२ मध्ये स्वस्तातलं कार्ड म्हणून आलं, ते फक्त चार लेनचं, ४.० चं.

४.० च्या बोर्डावर त्या चार लेन ८ जीबी नेतात, निभतं. पण ३.० च्या बोर्डावर तेच कार्ड ४ जीबीवर येतं. त्यात त्याची मेमरी बहुधा ४ जीबी, म्हणजे ती लवकर भरणार आणि वारंवार स्लॉटमधूनच माल आणावा लागणार. दुखणं नेमकं तिथेच आहे. जुन्या बोर्डासाठी स्वस्त कार्ड म्हणून लोक हेच उचलतात, आणि जुन्या बोर्डावरच ते सर्वांत जास्त मार खातं. जुना ३.० चा बोर्ड असेल तर जुन्या पिढीतलं पण सोळा लेनचं कार्ड बघा. जीटीएक्स १६५० सोळा लेनचं आहे, आणि त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही.

प्रोसेसरचाही यात हात असतो

वरच्या स्लॉटच्या लेन प्रोसेसरकडून येतात म्हटल्यावर प्रोसेसर जेवढ्या देईल तेवढ्याच मिळणार. बोर्डाच्या डब्यावर काहीही छापलेलं असो. रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी ग्राफिक कार्डाला आठच लेन देतात. रायझन ५ ८५००जी तर चारच. रायझन ५ ५६००जी सोळा देतो, पण ३.० च्या, बी ५५० बोर्डावर ४.० लिहिलेलं असलं तरी. रायझन ५ ५५०० चंही तसंच, तो ३.० वरच थांबतो, आणि त्याच बोर्डात ५६०० टाकला की ४.० मिळतं. दोघांच्या नावात एका आकड्याचा फरक.

म्हणजे बी ५५० बोर्ड, रायझन ५५०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी असं त्रिकूट जमवलं की तिन्ही वस्तू नव्या, सुट्या सुट्या बऱ्या, आणि स्लॉटवर मात्र ४ जीबी. इंटेलच्या बाजूला एवढी गुंतागुंत नाही. बाराव्या पिढीपासूनचे नेहमीचे डेस्कटॉप प्रोसेसर कार्डाला सोळा लेन देतात, आणि अगदी स्वस्त एच ६१० बोर्डावरही वरचा स्लॉट ४.० चा असतो.

मॅन्युअल वाचताना आणखी एक ओळ शोधा. काही बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट (चपट्या एसएसडीची बोर्डावरची जागा) एसएसडी लावली की ग्राफिकच्या लेनमधून वाटा घेतो आणि सोळाचे आठ होतात. काहींवर एम.२ भरला की खालचा स्लॉट किंवा दोन सेटा पोर्ट बंद पडतात. हे तक्त्याखाली तारांकित बारीक टिपेत असतं. वाटा घेणारा एम.२ टाळून दुसऱ्यात एसएसडी लावता आली तर तसं करा. नाही आली तरी फार जीव टाकू नका, आठ लेन सहसा पुरतात.

आता हात लावायचा

पीसी बंद करा, एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) मागचं बटण बंद करा, भिंतीचा प्लग काढा, आणि मग चालू करायचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं करा. कार्ड उभ्या कॅबिनेटमध्ये लटकवत बसवायची हौस पहिल्या दिवशी नको.

आपल्याकडे मार्च ते जून हवा कोरडी ठणठणीत असते. नायलॉनच्या गालिच्यावरून चालत येऊन सरळ कार्डाला हात लावू नका. आधी कॅबिनेटच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला हात लावा. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या घरांत अजून एक भानगड असते: प्लगला तिसरं भोक असतं पण मागे अर्थिंगची तारच नसते. पीसी चालू असताना कॅबिनेटला बोट लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेच. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, कार्ड दोन दिवस डब्यात राहिलं तर कुजत नाही.

एसएसडी एम.२ ची असेल आणि तिची जागा कार्डाखाली येत असेल तर ती आधी बसवा. मग स्लॉटच्या समोरच्या, कॅबिनेटच्या मागच्या पट्ट्या काढा; बहुतेक कार्डांना दोन लागतात, जाड्यांना तीन. पेचकस चुंबकाचा असला तरी चालतो, स्क्रू बोर्डावर पडण्यापेक्षा बरं.

स्लॉटच्या टोकाला प्लास्टिकची खिट्टी असते. ती खाली किंवा बाजूला दाबून उघडी करा. कार्ड दोन्ही हातांनी कडेला धरा, सोनेरी पट्टीला बोट लावू नका, खाच खाचेवर आणा आणि सरळ खाली दाबा. आधी एका टोकाने मग दुसऱ्या, असं नाही, दोन्ही टोकांवर सारखा जोर. खिट्टी टक्क वाजून आपोआप बंद झाली म्हणजे बसलं. आवाज आला नाही तर मागच्या पत्र्याची जीभ कॅबिनेट आणि बोर्ड यांच्या मध्ये अडकली आहे का बघा, बहुतेक वेळा तेच निघतं. मगच स्क्रू. स्क्रू आवळून कार्ड खाली ओढायचं नाही.

स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापुढची वीज केबलने. सहा पिनांची केबल ७५, आठ पिनांची १५० वॉट धरायची. एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन वेगवेगळ्या केबल निघतात: एक प्रोसेसरची, चार अधिक चार अशी तुटणारी, आणि एक कार्डाची, सहा अधिक दोन अशी. आकार सारखा वाटतो पण खाचा वेगळ्या असतात. जात नसेल तर केबल चुकीची आहे, जोर करू नका. नव्या कार्डांवरचा सोळा पिनांचा बारका कनेक्टर मात्र शेवटपर्यंत गेला पाहिजे, मध्ये फट दिसली तर तो तापतो.

शेवटी मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डात नाही. हसू नका. प्रोसेसरमध्ये ग्राफिक असेल तर बोर्डातल्या केबलवरही चित्र येतं, आणि माणूस महिनाभर नवं कार्ड हळू आहे म्हणून फिरत राहतो.

तपासणी

विंडोज आणि ड्रायव्हर लागल्यावर कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि 'बस इंटरफेस' ही चौकट बघा. तिथे @ या चिन्हाच्या दोन बाजूंना दोन गोष्टी असतात. डावीकडे कार्डाची कुवत, उजवीकडे आत्ता मिळत असलेल्या लेन आणि पिढी. भाच्याच्या पीसीवर डावीकडे एक्स १६ होतं आणि उजवीकडे एक्स ४.

इथेच अनुभवी लोक घाबरतात. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला पिढी खाली आणतं, त्यामुळे उजवीकडे १.१ दिसतं. लेनचा आकडा बरोबर असेल तर काळजी नाही. त्या चौकटीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून कार्डाला थोडं कामाला लावा, पिढी आपोआप वर चढते. चढलेला आकडा खरा. सॉफ्टवेअर नको असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्येही बसची ओळ असते.

सोळाचं कार्ड सोळाच्या स्लॉटमध्ये असूनही आठ किंवा चार दिसत असतील, तर आधी प्रोसेसर आणि एम.२ ची वर सांगितलेली गोष्ट तपासा. ती नसेल तर कार्ड काढून पुन्हा बसवा. सेकंडहँड कार्ड असेल तर सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. तरीही तेच, तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंगं) त्या स्लॉटचं सेटिंग 'ऑटो' आहे का बघा. त्यानंतरचा संशयित प्रोसेसरचं सॉकेट: एखादी वाकलेली पिन किंवा वेडावाकडा आवळलेला कूलरही लेन गायब करतो. इथे मात्र हात आवरा, आणि ज्याला सवय आहे त्याच्याकडे न्या.

वरचा स्लॉट वापरता येत नसेल तर

कूलर आडवा येतो, स्लॉट तुटलाय, किंवा छोट्या कॅबिनेटमध्ये कार्ड मावत नाही. स्लॉट तुटला असेल तर खालचा स्लॉट तात्पुरता वापरा, मॅन्युअलमध्ये त्याच्या लेन बघूनच. महागड्या बोर्डांवर दुसरा लांब स्लॉटही प्रोसेसरला जोडलेला असतो आणि आठ लेन देतो. तसा असेल तर नुकसान नगण्य. नुसत्या ऑफिसच्या कामाला, दुसऱ्या मॉनिटरला किंवा व्हिडिओ बघायला चार लेनही भरपूर झाल्या. रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून दूर ठेवून जोडायची केबल) लावणार असाल तर तिची पिढी बघा. ३.० ची केबल आणि ४.० चं कार्ड असलं की डिस्प्लेच न येण्याचा प्रकार होतो. बायोसमध्ये स्लॉट ३.० वर बांधला की येतो.

आणि गरमीचं काय? भाच्याचा मूळ प्रश्न तोच होता. कार्ड खाली नेऊन गरमी कमी होतेच असं नाही. खालच्या स्लॉटमध्ये पंखे एसएमपीएसच्या झाकणाला चिकटतात आणि उलट हवा कोंडते. त्याच्या कॅबिनेटला पुढे दोन पंख्यांची जागा रिकामी होती. संध्याकाळी जाऊन दोन पंखे आणले, पुढून हवा आत येईल असे लावले, जाळीवरची धूळ झटकली. कार्डाची खिट्टी आता जाड मागच्या पत्र्याखाली दडते आणि बोट पोचत नाही, म्हणून सराफ्यातल्या कुल्फीची एक लाकडी काडी धुऊन कॅबिनेटवर ठेवली आहे. कार्ड काढायचं झालं की तिने खिट्टी दाबायची. पेचकसाने कधीच नाही, तो निसटला की बोर्डावर ओरखडा.

ती काडी पुढच्या महिन्यात लागणार आहे. भाचा शिकायला पुण्याला निघालाय आणि पीसी बसने जाणार. मी सांगून ठेवलंय, कार्ड काढून स्वतःच्या डब्यात, तू मांडीवर घेऊन बस.